मालगुजाराचं हसू

मला नायकापेक्षा खलनायक आवडतो, हे मी घरात पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा आई पाटवड्या थापत होती. थापताना ती बोलत नसे, कारण शिजलेलं बेसन गार झालं की त्याला भेगा पडतात. तिने ताटभर थापून घेतलं, वर खसखस आणि खोबरं पेरलं, सुरीने चौकोन पाडले आणि मगच विचारलं, "कोणता खलनायक?" मी म्हटलं, "जपानी." "बरं," ती म्हणाली आणि रश्शाकडे वळली. आमच्या घरात बरेचसे विषय असेच मिटत.

आम्ही जानकीपुरममध्ये राहत होतो. बाबा भंडाऱ्याकडचे, केंद्र सरकारच्या एका खात्यात स्टोअरकीपर. बदलीवर लखनऊला आले आणि इथेच रुतले. दोन खोल्या, गच्ची, गच्चीवर टाकी, टाकी भरायला एक टुल्लू पंप, आणि तो पंप लाइट असेल तेव्हाच चालणार, म्हणून घरातल्या प्रत्येकाचा एक कान कायम विजेकडे. कूलर सुरू झाला की ओल्या गवताचा वास आणि असा घरघराट, की माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलत. आई-बाबा मराठीत बोलायचे, मी हिंदी मिसळून उत्तर द्यायचे. यावरून घरात दर आठवड्याला एकदा भांडण होई आणि तेही अर्धं हिंदीतच होई. बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते. बसले होते म्हणजे बँकेच्या परीक्षांची 'तैयारी' करत होते. तैयारी हा तेव्हा लखनऊत एक पूर्णवेळ धंदाच होता. आमच्या गल्लीत प्रत्येक गच्चीवर एक तरी मुलगा किंवा मुलगी पुस्तक धरून येरझाऱ्या घालताना दिसायची. मीही घालायचे. माझ्या पुस्तकात मात्र मधोमध दुसरेच कागद असायचे.

ते कागद शिरीनकडून येत. शिरीन माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचा भाऊ इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलात होता आणि तिथली मुलं काहीबाही डाउनलोड करून सीडीवर भरत. दर सुट्टीत तो अशा सीडींची चळत घेऊन येई. त्यात जपानी ॲनिमे, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिका, असत, आणि ती ज्यांच्यावरून बनवली ती पुस्तकंही, लाइट नॉव्हेल म्हणतात ती. कुठल्या तरी देशातल्या कुणा तरी चाहत्याने फुकट, मोडक्या इंग्रजीत भाषांतर करून नेटवर टाकलेली. आम्ही त्यांची प्रिंट काढून आणायचो आणि आधी कोण वाचणार यावर अबोला धरायचो. माझी मुलगी आज हे सगळं फोनवर दीडपट वेगाने बघते आणि मला विचारते, इतक्या कष्टाने बघण्यासारखं होतं काय त्यात? कष्ट होते म्हणूनच असेल. पुढचा भाग कधी येईल, येईल की नाही, हे ठाऊक नसणं ही एक वेगळीच तगमग असते. त्या उन्हाळ्यात माझं तसंही कशातच मन लागत नव्हतं. निदान त्या अस्वस्थपणाला एक नाव मिळालं.

लाइट नॉव्हेल हे काही थोर साहित्य नव्हे, हे आधीच सांगून टाकते. वाक्यं आखूड, मध्ये मध्ये चित्रं, नायक बहुतेक वेळा एक झोपाळू मुलगा आणि पुस्तकाचं नाव इतकं लांब की अर्धी गोष्ट त्यातच कळावी. पण खलनायकाच्या बाबतीत ही पुस्तकं कंजुषी करत नसत. आमची सगळ्यात लाडकी मालिका एका सरहद्दीवरच्या गावाची होती. त्या गावाच्या नाक्यावर एक अधिकारी होता. त्याचं नाव आम्हाला धड उच्चारता येत नसे, म्हणून आम्ही त्याला 'दरोगाजी' म्हणायचो. साथीच्या दिवसांत बाहेरून जीव वाचवायला आलेल्या माणसांना तो दार उघडत नाही. माणसं बाहेर मरतात. आता हे वाचताना त्याचा राग यायला हवा, पण पुस्तकात त्याआधीची वीस-एक पानं तुम्ही त्याच्या डोक्यात राहून आलेले असता. मागच्या साथीत त्याची बहीण गेलेली, तिची वाटी तो अजून रोज घासून ठेवतो, दार लावताना त्याला त्या वाटीची आठवण होते. राग येतो, पण तो राग बसतो कुठेच नाही. मग त्याचं ॲनिमे आलं. ते पाहून शिरीनने कपाळावर हात मारला.

"या अल्लाह! यार सुजाता, इन लोगों ने तो दरोगाजी को भूत बना दिया!"

खरंच होतं. वाटी नाही, बहीण नाही. काळा झगा, वारा, व्हायोलिन, आणि दार लावताना तो मान मागे टाकून खदाखदा हसतो. मी तिथेच ठरवलं, खलनायक हसला की संपला. हसणं हे पडद्यावरचं आळशीपण आहे. पुस्तकातल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते दाखवता आलं नाही की त्याला हसायला लावायचं. हे मत माझं आजही कायम आहे. त्याचा दुसरा अर्धा भाग असा होता की चांगल्या खलनायकाला कारण हवं. कारण नाही तर तो नुसता बुजगावणं. या अर्ध्या भागाचं पुढे काय झालं, तेच सांगायला बसले आहे.

कागदांसाठी आणि कोऱ्या सीडींसाठी कधीमधी हज़रतगंजला जावं लागे. एकटीने जायला घरून परवानगी, पण मार्चच्या शेवटी ऊन तापलं म्हणून बाबा बरोबर आले. चालून चालून घसा कोरडा पडला. एका दुकानापुढे प्याऊ, म्हणजे पाणपोई, होता. लाल कापड गुंडाळलेले माठ, मागे एक म्हातारा बसलेला, त्याच्या हातात नळीचं भांडं. लोक वाकून ओंजळ धरत, तो वरून धार सोडी. मी पोटभर प्याले. बाबा बाजूला उभे. "आओ बाबूजी, ठंडा है," म्हातारा म्हणाला. बाबा म्हणाले, "नहीं, प्यास नहीं है." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. घरी येऊन त्यांनी दोन तांबे पाणी प्यायलं. मला वाटलं, स्टोअरकीपरची स्वच्छता. आमच्याकडे प्रवासातही घरचा तांब्या असायचाच.

आमच्या लोकांची पंचवीस-तीस घरं तेव्हा त्या भागात होती. सगळी नागपूर, भंडारा, वर्धा इकडची, बहुतेक सरकारी नोकरीतली. रविवारी वंदना, आणि एप्रिलात जयंती. जयंतीला कॉलनीचं बारातघर, म्हणजे लग्नाचा हॉल, घ्यायचं, निळे कागद लावायचे, बायकांनी खीर-पुरी करायची, भाषणं व्हायची आणि शेवटी विहिरीचं नाटक. नाटक दर वर्षी तेच. गावाचा मालगुजार, म्हणजे जमीनदार, विहिरीवर पाणी भरू देत नाही, एक तहानलेलं पोर दोराला हात लावतं, मालगुजार चाबूक उगारतो, मग शहरातून शिकलेला तरुण येतो, भाषण करतो, मालगुजार थरथर कापतो, पडदा. आणि मालगुजार दर वर्षी आमचे बाबा. घरात ज्यांचा आवाज कूलरवर चढत नसे, ते फेटा आणि काळ्या लोकरीच्या मिशा लावून स्टेजवर आले की असं काही हसायचे, "हा हा हा," की लहान पोरं किंचाळायची आणि मोठी माणसं खुर्च्या बडवायची. लोक जयंतीला भाषणांसाठी येत की बाबांच्या हसण्यासाठी, हे सांगणं कठीण होतं. मीही लहानपणी ते हसू वर्गात करून दाखवायचे.

त्या वर्षी मंडळाचे गजभिये काका घरी आले. चहा बशीत ओतत म्हणाले, "सुजाता, तू तर रिकामीच आहेस. यंदा नाटक तू लिही जरा नव्यानं. पोरं म्हणतात, अंकल, हर साल वही."

"रिकामी नाही, तैयारी करतेय," मी म्हटलं.

"तेच ते. आणि पोराच्या आईचं काम पण तूच कर. मागच्या वर्षीची बाई बदलून कानपूरला गेली."

मी इतकी जोरात कामाला लागले की आईने गणिताच्या पुस्तकावरची धूळ मुद्दाम पदराने पुसून दाखवली. मला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. दरोगाजींना जो न्याय ॲनिमेने दिला नाही, तो मी आमच्या मालगुजाराला देणार होते. त्याला एक मुलगी दिली. ती कॉलऱ्याने गेलेली. तिचे पैंजण तो उशाशी ठेवतो. कॉलरा विहिरीच्या पाण्यातून आला, म्हणून त्याने विहिरीवर पहारा बसवला. मालगुजार एकटा पैंजण हातात घेऊन बोलतो, असा पान-दीड पानाचा प्रवेश लिहिला. लिहिताना माझेच डोळे भरून आले, आणि मी सहसा रडणाऱ्यांतली नाही.

रविवारी दुपारी, जेवणानंतर, बाबांना वाचून दाखवलं. गोळाभात झाला होता, कूलर घरघरत होता, आई शिवणयंत्रावर उशीचे अभ्रे मारत होती. मी उभी राहून, आवाज चढवून वाचलं. पैंजणाच्या प्रवेशाला आईचं यंत्र थांबलं. मला वाटलं, जमलं.

बाबा म्हणाले, "पोरगी कशानं मेली म्हणालीस?"

"कॉलऱ्यानं."

"कॉलरा कुठून आला?"

"विहिरीतून. मी वाचलं ना आत्ता."

"आणि विहिरीत कुठून आला?"

मी कागदाकडे पाहिलं. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती.

"आमच्या हातून," बाबा म्हणाले. "असंच ना? म्हणजे आमच्या जयंतीला, आमच्याच स्टेजवर, आम्हीच सांगायचं की त्याचं बरोबर होतं. आमचे हात रोगट होते."

"बाबा, ऐसा नहीं है. त्याला तसं वाटतं, एवढंच. बघणाऱ्याला कळतं."

"काय कळतं? त्याची पोरगी मेली हे कळतं. तुझी आई रडतेय बघ."

आईने नाक ओढलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

"पण त्याला काही तरी कारण तर पाहिजे!" मी ओरडले, कूलरमुळे थोडी आणि रागाने जास्त. "बिना वजह कोई विलन थोड़ी होता है. नुसता दुष्ट माणूस खरा वाटत नाही."

"तो खरा होता," बाबा म्हणाले. "वाटायची त्याला गरज नव्हती."

आता मला चेव आला. "मग तुम्ही दर वर्षी हसता काहून? तो असा हसायचा? हा हा हा? विहिरीवर उभा राहून?"

लाइट गेली. कूलर एक गिरकी घेऊन थांबला आणि एकाएकी इतकं शांत झालं की खालच्या गल्लीतला भाजीवाला भैया ऐकू आला. मग बाबा बोलले, आणि त्यांची बोली बदलली. ऑफिसातली मराठी गेली, भंडाऱ्याची आली.

"नाही हसला तो. मले आठवते तसा कधीच नाही. चाबूक पण नव्हता त्याच्यापाशी. निंबाखाली दगडावर बसून राहे. आम्ही घागरी घेऊन बाजूले बसायचो. त्याचा गडी पाणी काढे आन् वरून ओते. मी सात-आठ वर्षांचा असन. तहान लागली, गडी नव्हता, मी दोराले हात लावला. आई वरडली. तो नाही वरडला. म्हणाला, 'बाळा, जरासं मागं सर.' गड्याले हाक मारली, म्हणाला, 'पोराले पाणी पाज.' मी ओंजळ केली, गड्यानं वरून ओतलं. पाणी कोपरापर्यंत गेलं. तो म्हणाला, 'पोटभर प्यालास ना?' आन् मी तोंड पुसत होतो तोवर त्यानं दोर कापायले लावला. नवा बांधला. जुना दोर गुंडाळून आमच्या आईले दिला. म्हणाला, 'घे बाई. चांगला आहे. घरी कामाले येईल.'"

"आणि आजीनं घेतला?"

"घेतला. चार वर्षं आमची बकरी बांधत होतो त्याले."

"मी असते तर तोंडावर फेकून मारला असता," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले, "तू फेकला असता." मग उठून गच्चीवर टाकी बघायला गेले. लाइट नसताना टाकीत बघण्यासारखं काही नव्हतं.

पुढचे दिवस मी घरात नुसती फिरत होते. पैंजण फाडून टाकले, ते सोपं होतं. पण दोर मला स्टेजवर हवा होता. असा खलनायक मी शंभर पुस्तकांत वाचला नव्हता. त्याला कारण नाही, झगा नाही, तो वाईट वागतोय हे त्याला माहीतसुद्धा नाही, उलट आपण दयाळू आहोत अशी त्याची खात्री. शिरीनला सांगितलं तर ती म्हणाली, "दरोगाजी इसके आगे बच्चे हैं." बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "ते नाटकात नको. ते आपलं घरचं आहे. लोक वर्षातून एकदा हसायले येतात, त्यांना हसू दे." गजभिये काका रोज विचारत, "झालं का? बाबांना मिशा नव्या आणू का?" शेवटी मी सगळं लिहून काढलं आणि विहिरीच्या प्रवेशात नुसतं एवढंच लिहिलं: मालगुजार येतो. पुढे कोरी जागा. बाबांच्या हातात कागद दिला आणि म्हटलं, "तुम्हाला येतो तसा करा. हसायचं तर हसा." त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. तालमीत त्या जागी आले की ते नुसतं म्हणत, "इथे माझं होईल, पुढे चला." जयंतीच्या दिवसापर्यंत ते काय करणार, मला ठाऊक नव्हतं. हसले असते तर मी त्यांना दोष दिला नसता, पण त्या स्टेजवर पुन्हा उभी राहिले नसते.

बारातघर भरलं होतं. खीर संपत आली होती, पंखे मोठ्या आवाजात काहीच करत नव्हते. मी आईची जुनी साडी नेसून, घागर घेऊन स्टेजच्या कडेला बसले. पोराचं काम गजभिये काकांची नात पिंकी करत होती, केस टोपीत कोंबून. विहीर म्हणजे पुठ्ठ्याचं कडं आणि त्याला आमच्या गच्चीवरची कपड्यांची दोरी. पिंकीने दोरीला हात लावला. प्रेक्षकांतली पोरं आधीच खिदळू लागली, कारण आता अंकल येणार. बाबा आले. मिशा नव्हत्या. फेटा नव्हता. ऑफिसचा पांढरा शर्ट, तोच, दोन पेनं खिशाला. कुणी तरी शिट्टी मारली. बाबांनी हातानेच स्टूल पुसलं, बसले, आणि रोज आमच्याशी बोलत त्याच आवाजात म्हणाले, "बाळा, जरासं मागं सर."

पिंकी खरोखरच मागे सरली. तिला तिथे एक वाक्य होतं, ते ती विसरली. मागच्या रांगेतली पोरं अजून हसण्याची वाट बघत होती. बाबांनी तिला ओंजळ धरायला लावली, घरच्या तांब्याने वरून पाणी ओतलं, विचारलं, "पोटभर प्यालीस ना?" नाटकात ती मुलगा होती, पण कुणी हसलं नाही. मग खिशातून आईची भाजीची सुरी काढून त्यांनी दोरी कापली, हाताला गुंडाळत गुंडाळत नीट वेटोळं केलं आणि माझ्याकडे आले. पहिल्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने पदर तोंडाला लावला. मी फेकणार होते. बाबांनी मला काही सांगितलं नव्हतं, पण दोरी पाहिली तेव्हाच मी ठरवलं होतं, तोंडावर फेकायची. प्रेक्षक उठून टाळ्या वाजवतील, हेही दिसत होतं.

"घे बाई," ते म्हणाले. "चांगला आहे. घरी कामाले येईल."

इतक्या चांगुलपणाने म्हणाले की माझा हात पुढे झाला. मी दोरी घेतली. घेतली ती घेतलीच. समोर दीडेकशे माणसं बसलेली आणि पंख्यांशिवाय कसला आवाज नाही. पुढे शहरातून शिकलेला तरुण आला, त्याने भाषण केलं, पण ते कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. टाळ्या उशिरा आणि तुटक पडल्या. गजभिये काका विंगेत मला म्हणाले, "चांगलं झालं बाई, पण पुढच्या वर्षी जरा हसवा." पुढच्या वर्षी मी बँकेच्या नोकरीवर बरेलीला होते आणि मालगुजाराचं काम दुसऱ्याच कुणी तरी, लोकरीच्या मिशा लावून केलं.

माझी मुलगी परवा कुठल्याशा मालिकेतल्या खलनायकावर चिडली होती. म्हणाली, "मम्मा, इसकी कोई बैकस्टोरी ही नहीं दी. कितना लेज़ी है." मी तिला म्हटलं, असू दे, आधी बघ तो बोलतो कसा.

नाटक संपल्यावर मी साडी सावरत बारातघराच्या मागे गेले. तिथे नळ होता आणि बाबा त्याखाली तोंड धूत होते. त्या वर्षी रंग नव्हता, मिशांचा गोंद नव्हता, धुण्यासारखं तोंडावर काहीच नव्हतं, तरी ते साबण लावून पुन्हा पुन्हा धूत होते. तेवढ्यात नळाची धार बारीक झाली आणि बंद पडली. त्यांच्या चेहऱ्यावर फेस तसाच. मी नळाजवळच्या बादलीतून आमचा तांब्या भरला आणि त्यांच्यापुढे वाकून धरला, वरून धार सोडायला. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. ओंजळ करायला हात जवळ आणले, आणि थांबले.

"आण इकडे," ते म्हणाले. तांब्या माझ्या हातून काढून घेतला आणि आपल्या हाताने ओतून घेतला.